ज्ञानोबाचं घड्याळ आणि शेवटची गल्ली

हाळवाडीत नळाचं पाणी घड्याळावर सुटायला लागलं, आणि ज्ञानोबा कांबळेचं सरळ चाललेलं आयुष्य तिथून बिघडलं.

त्याआधी पाणी आलं म्हणजे आलं, गेलं म्हणजे गेलं, असा कारभार होता. ज्ञानोबा ग्रामपंचायतीचा शिपाई. टाकी भरली की वॉल्व्ह उघडायचा, टाकी सरली की घरी जाऊन भाकर खायचा. पण लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि पुढच्याच उन्हाळ्यात दुष्काळानं हाळवाडीत मुक्काम ठोकला. उस्मानाबाद जिल्हा होता तोवर मोठे साहेब गावात येतात असं नुसतं ऐकिवात होतं. पाहिलेला माणूस कुणी नव्हता. आता लातूर हाताशी आलं, त्यामुळं साहेब खरोखरच जीपमधून आले. गावाला याचं इतकं नवल वाटलं की पाणी मागायचं राहूनच गेलं, माणसं जीपच बघत बसली. साहेबांनी विहिरीत वाकून बघितलं. विहिरीकडं दाखवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मग साहेबांनी हुकूम केला : गावाच्या गल्ल्या सहा, टाकी एक, तेव्हा रोज सकाळी गल्लीला अर्धा अर्धा तास पाणी, मिनिट कमी नाही, मिनिट जास्त नाही.

"वॉल्व्ह कोण सोडतं?"

"मी सोडतो साहेब," ज्ञानोबा पुढं झाला.

"घड्याळ आहे?"

ज्ञानोबानं मनगट पुढं केलं. ते घड्याळ त्याच्या लग्नात हदगावच्या सासऱ्यानं दिलेलं. पट्टे किती झाले याचा हिसाब नव्हता, पण आतलं यंत्र एकदाही थांबलं नव्हतं. सकाळी तोंड धुतलं की चावी द्यायची, आणि ते दिवसभर इमानानं टिकटिक करायचं. साहेबांनी मान हलवली आणि जीप गेली. गाव बराच वेळ धुळीकडं बघत राहिलं.

आता कुठल्या गल्लीनंतर कुठली, हे ठरवायचं काम ज्ञानोबावर आलं. त्यानं पाटील गल्ली पहिली धरली, मग पेठ, मग बाकीच्या, आणि स्वतःची भीमनगरची गल्ली सगळ्यात शेवटी ठेवली. बायको सिंधु चिडली.

"वॉल्व्हची चावी तुमच्या हातात, आन् आपण शेवटी?"

"चावी हातात हाय म्हणूनच शेवटी."

सिंधुला हे पटलं नाही, पण कळलं. ज्ञानोबाची आई याच गावात विहिरीच्या काठाशी रिकामी घागर घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचं, नाही आली तर ऊन वर चढायचं. त्या बाईच्या पोराच्या हातात आता सगळ्या गावाच्या पाण्याची चावी होती. इंग्रजी टी अक्षरासारखी, हातभर लांब, लोखंडी. ती खांद्यावर टाकून ज्ञानोबा निघाला की फौजदारासारखा दिसायचा, म्हणजे निदान सिंधुला तसा दिसायचा. त्या चावीवर एका थेंबाचा डाग पडू द्यायचा नाही, एवढंच त्याचं ठरलेलं होतं.

सुरुवातीला सगळं बराबर चाललं. शिव्या होत्या, पण त्या दुष्काळाला होत्या. आंबेडकर जयंती झाली, आणि त्यानंतर आठवड्याभरात पेठ गल्लीच्या केवळाबाईनं पहिली आरोळी दिली. केवळाबाईचा आवाज असा की ग्रामपंचायतीला दवंडी देणारा ठेवायची गरज नव्हती.

"ज्ञानोबा, माझ्या दोन घागरी कमी व्हायल्या रे! आधी बारा भरायच्या, आता दहातच नळ फुसफुस करायलाय."

"अर्धा तास सोडलं की, मावशी. घड्याळ बघून."

"मग माझ्या घागरी मोठ्या झाल्या का?"

ज्ञानोबा हसला. पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गल्लीनंही तेच सांगितलं, मग चौथीनं. आणि भीमनगरात उलटंच. तिथं शेवटच्या पाळीला नळ बंद होण्याचं नावच घेईना. अर्धा तास झाला तरी टाकीत पाणी शिल्लक, आणि शिल्लक पाणी टाकीत ठेवून करायचं काय? संध्याकाळी मोटार पुन्हा टाकी भरणारच. म्हणून ते शेवटच्या गल्लीलाच जायचं. घागरी भरल्या, हंडे भरले, रांजण भरले, पोरांच्या आंघोळी झाल्या, आणि एका बाईनं तर दुष्काळात सतरंजी धुवून वाळत घातली.

ती सतरंजी अमृतरावांनी पाहिली.

अमृतराव पाटील गल्लीचे पंच. तसे माणूस वाईट नव्हते. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी शिजतंय असा वास यायचा, आणि सतरंजीला तर वास घ्यायचीही गरज नव्हती, ती डोळ्यांनी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या आत ते स्वतःचं घड्याळ मनगटावर बांधून वॉल्व्हच्या खड्ड्याशी येऊन बसले. ज्ञानोबानं पाटील गल्लीचा वॉल्व्ह उघडला, घड्याळात बघत उभा राहिला, आणि अर्धा तास झाल्यावर चावी लावून बंद केला.

"का बंद केलास?"

"अर्धा तास झाला, दादा."

"माझ्यात न्हाई झाला."

दोघांनी मनगटं शेजारी धरली. अमृतरावांच्या घड्याळात अजून काही मिनिटं बाकी होती.

"घड्याळ पुढं करून ठिवलंस व्हय रे?"

"पुढं केलं असतं तरी काय बिघडतंय, दादा? पुढं असलेल्या घड्याळातबी अर्धा तास अर्धाच असतोय की."

अमृतराव गोंधळले. ज्ञानोबा बोलून गेला खरा, पण बोलल्यावर तोही गोंधळला. पुढं असलेलं घड्याळ चालतं. लवकर उठलेल्या माणसासारखं ते नुसतं पुढं असतं. पण हे घड्याळ पुढं नव्हतं, ते पळत होतं. चालता चालता पुढं जात होतं. वीस वर्षं बैलगाडीसारखं चाललेलं घड्याळ आताच का उधळावं?

"येत्या गुरुवारी सभा हाय," अमृतराव धोतर झटकत उठले. "आधीच सांगून ठिवतो. चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची मी बोलणार हाय. तुझी गल्ली शेवटी, आन् तुझ्याच गल्लीत सतरंज्या धुवायल्यात. लोकांला डोळे हायत, ज्ञानोबा."

बाकीच्या गल्ल्या उरकताना ज्ञानोबाच्या डोक्यात तेच फिरत होतं. आपली गल्ली शेवटी ठेवली ती इमानासाठी, आणि आता तेच शेवटी असणं चोरीच्या पुराव्यासारखं उभं राहिलं होतं. बरं, हिसाबही सरळ होता. घड्याळ पळतं म्हणून प्रत्येक गल्लीचा अर्धा तास थोडा आखूड पडतो. पाच गल्ल्यांचे पाच तुकडे टाकीत उरतात. आणि ते सगळे तुकडे एका गल्लीच्या रांजणात जातात. पाच घरचं एकेक चिमूट पीठ उचलून सहाव्या घरी भाकरी व्हावी तसं. पीठ उचलणारं घड्याळ, आणि ते घड्याळ ज्ञानोबाच्या मनगटावर.

तो तसाच सायकल काढून औशाला गेला.

औशाच्या बाजारात गुरुबसप्पाचं घड्याळाचं दुकान म्हणजे एक काचेचं कपाट आणि त्याच्या मागं गुरुबसप्पा. पुढच्या रस्त्यानं एसटी गेली की कपाटातली सगळी घड्याळं थरथरायची आणि गुरुबसप्पा चिमटा वर धरून एसटी जाईस्तोवर डोळे मिटायचा.

"अप्पा, घड्याळ पळायलंय."

"कुठं पळायलंय? हे बघ, तुझ्या हातातच हाय की," गुरुबसप्पा म्हणाला. हा विनोद तो प्रत्येक गिऱ्हाइकाला करायचा आणि प्रत्येक वेळी स्वतः हसायचा. मग त्यानं भिंग डोळ्यात अडकवलं, मागचं झाकण काढलं आणि ज्ञानोबाला जवळ बोलावलं.

"आत बघ. ते सोनेरी चाक दिसतंय? ते जात्यासारखं गरगर फिरत न्हाई. पाळण्यासारखं हलतंय. इकडं, तिकडं, इकडं, तिकडं. त्याला बॅलन्स म्हणायचं. ते एकदा हललं की काटा एक घर पुढं. म्हणजे वेळ कोण मोजतंय? काटा न्हाई. ते चाक."

"आन् त्याला हलवतंय कोण?"

"जोर चावीच्या कमानीचा. पण त्याला लगाम हाय. ती चाकाच्या पोटात चकलीसारखी गुंडाळलेली कमान बघ. केसाहून बारीक. चाक एका अंगाला गेलं की ती चकली त्याला ओढून माघारी आणते. आता सांग, पंचमीला पोरी झोका खेळतात. दोर आखूड बांधला तर झोका भरभर जातोय का सावकाश?"

"भरभर."

"तसंच हाय हे. चकलीचा केस आखूड झाला की चाक भरभर, घड्याळ पुढं. लांब केला की सावकाश, घड्याळ मागं. आन् हा बारका काटा हाय ना, तो केसाला मधेच चिमटीत धरतोय. काटा इकडं सरकवला की केस आखूड, तिकडं सरकवला की लांब."

ज्ञानोबानं मान हलवली. ही मान समजल्याची होती की घाबरल्याची, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. आपली सगळी इभ्रत एका केसाच्या चकलीवर लटकलेली आहे, एवढं मात्र त्याला नीट समजलं होतं.

गुरुबसप्पानं काटा मंदच्या बाजूला सरकवला. थोडा वेळ बघितलं. घड्याळ पळतंच. अजून सरकवला, शेवटपर्यंत सरकवला. तरी पळतंच.

"अय्यो! लई हट्टी हाय की हे." मग त्यानं केस जिथं खुंटीला बांधलेला असतो तिथून सोडून थोडा लांब केला आणि पुन्हा बांधला. बराच वेळ गेला. मधे दोन एसट्या गेल्या. शेवटी भिंतीवरच्या घड्याळाशी ते जुळलं.

"आता एक पथ्य," गुरुबसप्पा डॉक्टरासारखा म्हणाला. "घड्याळ उभं टांगलं तर वेगळं चालतंय, आडवं ठिवलं तर वेगळं. म्हणून रोज एकाच जागी ठेव. चित, आडवं. सपाट जागा पाहिजे. धूळ नको, पोरांचा हात नको."

ज्ञानोबाच्या घरात अशी जागा एकच होती. भिंतीतली देवळी, जिच्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. घड्याळ तिथंच असायचं. पण देवळीची फरशी खडबडीत, आणि चित म्हणजे चित. सुदैवानं तिथं एक गोल, जड, वरून अगदी गुळगुळीत वस्तू होती. जयंती मंडळानं वर्गणी काढून यंदा नवा कर्णा घेतला होता, त्याच्या बुडाला बसणारं युनिट. कर्णा नुसता पत्र्याचा, तो भिंतीला टांगला तरी चालतो. आवाज काढणारा जीव त्या युनिटात, आणि महाग तेच. म्हणून मंडळानं ते काढून गावातल्या सगळ्यात इमानी माणसाच्या घरी ठेवलं होतं. ज्ञानोबानं त्यावर धुतलेला रुमाल घडी घालून अंथरला आणि घड्याळाला चित निजवलं. लेकराला सुद्धा त्यानं इतक्या पथ्यानं कधी निजवलं नव्हतं.

सकाळी घड्याळ आधीपेक्षा जास्त पळत होतं.

इथून पुढचे दिवस ज्ञानोबाच्या आयुष्यात कसे गेले हे त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. पहिल्या दिवशी पळालं. तो औशाला गेला. गुरुबसप्पानं केस अजून लांब केला. दुकानात जुळलं. घरी येऊन निजवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळालं. पुन्हा औसा. तिसऱ्या दिवशी, औशाहून येताना ओढ्याच्या उतारावर सायकल दगडावरून उडाली, ज्ञानोबा पडला, उठला, घड्याळ कानाला लावलं, चालू होतं. घरी आला तो अंधार पडला होता. दमून तसाच, घड्याळ हातातच ठेवून झोपला.

आणि सकाळी त्याच घड्याळानं गोगलगाईसारखं चालायला सुरुवात केली.

पाटील गल्लीचा अर्धा तास संपता संपेना. अमृतरावांचे रांजण भरले, हौद भरला, बैलांना पाणी झालं. पेठेत केवळाबाईच्या बारा घागरी भरून चौदा झाल्या. आणि भीमनगरची पाळी आली तेव्हा नळानं एक उसासा टाकला आणि गप्प झाला. टाकी खाली.

सिंधु रिकामी घागर घेऊन नळापाशी उभी होती. ज्ञानोबानं तिला लांबूनच पाहिलं. त्याला वाटलं, आपण या बाईला कुठंतरी आधी पाहिलंय, अशीच उभी. मग तो नजर चुकवून निघाला, पण सिंधुनं गाठलाच.

"आज काय झालं?"

"घड्याळ मागं पडायलंय."

"काल पळायलं होतं!"

"हाव."

"आवो, घड्याळ हाय का आमदार? एकदा इकडं, एकदा तिकडं!"

त्या दिवशी मात्र अमृतराव वॉल्व्हच्या खड्ड्याकडं फिरकले नाहीत. स्वतःचं घड्याळ घेऊन आले नाहीत. हौद भरलेला असला की माणसाला वेळ बघायची आठवण राहत नाही.

गावात मग निदान सुरू झालं. कुणी म्हणालं, काही माणसांच्या अंगातच वीज असते, त्यांच्या हाताला घड्याळ लागत नाही. ज्ञानोबा म्हणाला, वीस वर्षं लागलं की! त्यावर उत्तर आलं, वीज आताच आली असेल, गावात कुठं लवकर येते. तरी सिंधुनं एक दिवस घड्याळ आपल्या मनगटावर बांधून बघितलं. रात्री पथ्याप्रमाणं देवळीत निजवलं. सकाळी पळत होतं. कुणी म्हणालं, ऊन. उन्हानं कमान सैल पडते. गुरुबसप्पा म्हणाला, हे खरं हाय, पण सैल पडली तर मागं पडायला पाहिजे, हे पळायलंय. कुणी म्हणालं, करणी. ज्ञानोबा म्हणाला, आम्ही करणी मानत न्हाई. म्हणाला खरा, पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला एकदा वाटून गेलं की मानत असतो तर निदान काहीतरी कारण तरी हाताला लागलं असतं.

बुधवारी, म्हणजे सभेच्या आदल्या दिवशी, गुरुबसप्पाच दुकान बंद करून हाळवाडीच्या एसटीतून उतरला. त्यालाही राहवेना. दुकानात शहाणं असलेलं घड्याळ घरी जाऊन खुळं होतं म्हणजे काय? त्याच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. आणि एका घड्याळाचा केस त्यानं आतापर्यंत इतक्या वेळा सोडला-बांधला होता की झोपेतही त्याच्या हातात चिमटा येत होता.

सिंधुनं चहा ठेवला. ज्ञानोबा बाहेर गेला होता. गुरुबसप्पा बाजेवर बसून घरावरून नजर फिरवत होता. सिंधुनं चहाची बशी पुढं केली आणि मुलीचा फाटलेला परकर शिवायला घेतला. सुई हवी म्हणून उठली, देवळीपाशी गेली, आणि युनिटाच्या कडेला चिकटलेली सुई नखानं सोडवून आणली.

"सुई तिथं कशी काय ठिवता, वैनी?"

"तिथं हरवत न्हाई की. आवो अप्पा, ते कर्ण्याचं बूड लई गुणाचं हाय. सुया, टाचण्या, पिना, काहीबी ठिवा, घट्ट धरून बसतंय. परवा तर कातर चिकटली, दोन हातानं ओढली तवा निघाली. आतमंदी लोहचुंबक हाय म्हणत्यात, चांगला भाकरीएवढा."

गुरुबसप्पाच्या हातातली बशी वाटेतच थांबली.

"आन् घड्याळ कुठं ठिवता?"

"त्याच्याच वर. तुम्हीच सांगितलंव न्हाई का, चित ठेवा, सपाट जागा पाहिजे म्हणून?"

गुरुबसप्पानं चहा तसाच खाली ठेवला आणि स्वतःच्या कपाळाला हात लावला. ज्ञानोबा दारातून आत आला तेव्हा हा माणूस कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होता आणि सिंधु सुई हातात धरून घाबरलेली होती.

"अरे यप्पा! केस पोलादाचा हाय! चुंबकाजवळ निजवला की त्या चकलीचे वेढे एकमेकाला चिकटणार. वेढे चिकटले की केस आखूड. केस आखूड की...?"

"झोका भरभर," ज्ञानोबा म्हणाला.

"मी इकडं केस लांब करायलोय, आन् तू रोज रात्री त्याला चिकटवून आखूड करायलास. चप्पल लहान पडली म्हणून मी पाय कापत बसलो की रे!"

"मग परवा मागं कसं पडलं?"

"सायकलवरून पडलास ना? दणका बसला, वेढे सुटले. आन् मी लांब केलेला केस तसाच लांब राहिला. त्यात रात्री हातात ठिवून झोपलास. मग मागंच पडणार."

ज्ञानोबा बाजेवर बसला. सगळं कळल्यावर त्याला हलकं वाटायला पाहिजे होतं. पण झालं उलटंच. करणी नव्हती, वीज नव्हती, चोरी तर नव्हतीच. पण पाणी? पाणी तर खरंच गेलं होतं, आणि खरंच भीमनगरात गेलं होतं. अमृतरावांचं कारण खोटं होतं, पण हिसाब खरा होता. आता सभेत काय म्हणायचं?

"म्हणा, घड्याळ बिघडलं होतं. नीट केलं. झालं," सिंधु म्हणाली.

संध्याकाळी भीमनगरची चार माणसं येऊन बसली. त्यांचंही तेच. एक म्हातारा म्हणाला, "ज्ञानोबा, पिढ्यान् पिढ्या आपल्या वाटणीला कमी आलं, तवा कुणी सभा घेतली न्हाई. चार दिवस जास्त आलं तर सांगत कशाला सुटायचं?"

म्हाताऱ्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण चावी त्याच्या खांद्यावर होती, म्हाताऱ्याच्या नव्हती, आणि ती चावी त्याला खाली मान घालून बाळगायची नव्हती.

गुरुवारी शाळेच्या पटांगणात सभा भरली. गुरुबसप्पा रातोरात सगळं निस्तरून आला होता. दुकानात विजेवर चालणारं तारेचं वेटोळं होतं, त्यातून घड्याळ सावकाश बाहेर काढून त्याचं चुंबक उतरवलं होतं, केस मूळ लांबीला आणला होता, बारका काटा मधोमध. आता त्याची साक्ष होती.

अमृतराव बोलायला उठायच्या आत ज्ञानोबा उठला.

"पाटील दादा म्हणतात ते खरं हाय. तुमच्या पाच गल्ल्यांचं थोडं थोडं पाणी आमच्या गल्लीत गेलं. मी घेतलं न्हाई, पण गेलं. घड्याळ पळत होतं. मला कळायला पाहिजे होतं, कळलं न्हाई."

मग गुरुबसप्पा उठला आणि समजावून सांगू लागला. चाक, चकली, झोका, चुंबक. तो सांगत गेला तसतशी सभा जास्त जास्त गोंधळत गेली. सरपंच हणमंतराव शेवटी हात वर करून म्हणाले,

"थांबा. म्हणजे दोष झोक्याचा?"

"न्हाई, कर्ण्याचा."

"म्हणजे जयंतीच्या कर्ण्यानं पाणी पळवलं?" अमृतराव म्हणाले, आणि सगळी सभा हसली. भीमनगरही हसलं. ज्ञानोबा तेवढा हसला नाही.

हसू ओसरलं तशी केवळाबाई उठून उभी राहिली. "मला बाकी काय कळलं न्हाई. पण शेवटच्या गल्लीला जास्त पाणी येतंय, असंच ना?"

"येत होतं," ज्ञानोबा म्हणाला.

"मग पेठ शेवटी घाला!"

झालं. आजवर पहिल्या नंबरासाठी भांडणारं गाव त्या क्षणी शेवटच्या नंबरासाठी भांडायला लागलं. घड्याळ आता दुरुस्त झालंय, शेवटी असण्यात काही नफा नाही, हे गुरुबसप्पा ओरडून सांगत होता; पण त्याचं ऐकतो कोण? चावी कुणाच्या हातात राहावी हा प्रश्न बाजूलाच पडला. अमृतराव तर पंच. ते म्हणाले, पहिल्या नंबरचं दुःख आमच्या गल्लीनं सोसलंय, तर शेवटच्या नंबरचा पहिला मान आमचा. सरपंचांनी घाम पुसून निकाल दिला : शेवटची पाळी दर आठवड्याला फिरेल, पहिल्या आठवड्यात पाटील गल्ली. आणि तो आठवडाभर अमृतरावांनी खड्ड्याशी बसून बघायचं. कसूर सापडली तर चावी दुसऱ्याकडं.

पहिल्या सकाळी अमृतराव घड्याळासकट हजर. भीमनगर झालं, पेठ झाली, बाकीच्या झाल्या. प्रत्येक गल्लीला दोन्ही मनगटं शेजारी. दोन्ही घड्याळं बराबर. शेवटी पाटील गल्ली. अमृतरावांच्या घरच्यांनी रांजणांच्या मागं डेरे, डेऱ्यांच्या मागं घंगाळं, आणि घंगाळाच्या मागं एक सतरंजी काढून ठेवली होती. अर्धा तास झाला. ज्ञानोबानं चावी लावली. पण बंद करायची गरज पडली नाही. टाकीनं आपला घास संपवला होता, नळ आपोआप थांबला.

अमृतरावांनी रिकाम्या घंगाळाकडं पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच, दादा."

"शेवटाला जास्त येतंय म्हणले होते की!"

"ते घड्याळ बिघडलेलं असताना."

"मग तसंच राहू द्यायचं की रे! आमची पाळी आली, आन् तुला घड्याळ नीट करायचं सुचलं!" अमृतराव चिडून सतरंजी गुंडाळायला लागले.

पेठेच्या बाजूनं केवळाबाई घागर काखेत घेऊन बघायला आली होती. शेवटच्या नंबराची पुढची पाळी तिची. तिनं लांबूनच विचारलं, "काय वो पाटील, आलं का जास्तीचं?"

"न्हाई," अमृतराव त्राग्यानं म्हणाले. "कसलं जास्त! त्याच्याकडं अर्धा तास म्हणजे अर्धा तास. कुणाला थेंब कमी न्हाई, कुणाला थेंब जास्त न्हाई."

ज्ञानोबा वॉल्व्हच्या खड्ड्यात वाकलेला होता. तो तसाच, चावी न सोडता, वर बघून म्हणाला,

"दादा, जरा मोठ्यानं सांगा की. केवळामावशीला ऐकू आलं नसंल."